प्रेम, रहस्य आणि जुन्या वस्तूंचं दुकान : पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

प्रेमकथा आणि रहस्यकथा एकत्र लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो : आधी प्रेम जुळवू की आधी खून करू? कथा जुन्या वस्तूंच्या दुकानात घडणार असेल, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी वस्तू शोधा.

दुकानवालीचा धंदाच खरं-खोटं पारखण्याचा. समोर आलेलं मेज सांगतात तेवढं जुनं आहे का, हे तिला रोज ठरवावं लागतं. प्रेमात पडू लागलेल्या माणसालाही हेच ठरवायचं असतं : समोरचा सांगतोय ते खरं मानायचं का? हे दोन्ही प्रश्न एकाच वस्तूवर टांगता आले, तर प्रेम आणि रहस्य तुम्हाला वेगवेगळं शिवावं लागत नाही. मी पहिल्या प्रयत्नात एक प्रकरण प्रेमाचं, एक तपासाचं अशी आलटून-पालटून रचना केली होती. पहिल्या वाचकाने प्रामाणिकपणे सांगितलं, की तपासाची प्रकरणं वाचली, बाकीची चाळली. वर्षभराचं लिखाण बाजूला ठेवून मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि त्या वेळी जे शिकले तेच इथे क्रमाने मांडते आहे.

पहिली पायरी : वस्तू निवडा आणि तिची दोन चरित्रं लिहा

दुकानात शेकडो वस्तू असतील, पण कादंबरी एकीचीच असते. ती निवडताना चार गोष्टी बघा. तिच्यात काहीतरी लपवता आलं पाहिजे. ती निदान तीन हातांतून गेलेली असावी. तिचं वय तपासता येईल अशा खुणा तिच्या अंगावर असाव्यात. आणि ती रोजच्या वापरातली असावी, म्हणजे पात्रांचे हात तिला लागतात. हिरा, मुकुट, प्राचीन मूर्ती यांचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तशा वस्तूभोवती पोलीस, संग्रहालयं आणि मोठे व्यवहार इतकी गर्दी करतात, की दोन माणसांना निवांत बोलायला जागाच उरत नाही.

या लेखापुरतं आपण लिहिण्याचं एक मेज घेऊ. उतरतं झाकण, आत लहान कप्पे, एका कप्प्यामागे चोरकप्पा, आणि मेजाच्या वर बसवलेलं पुस्तकांचं कपाट.

एका कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे मेजाचं खरं चरित्र लिहा : कोणी बनवलं, कुठे राहिलं, कधी अडगळीत पडलं, कोणी दुरुस्त केलं, काय बदललं. उजवीकडे त्याच मेजाबद्दल विकणारा जे सांगतो ते लिहा. वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याच्या या कहाणीला धंद्यात प्रोव्हेनन्स म्हणतात, आणि वस्तूच्या किमतीत तिचा वाटा फार मोठा असतो. हे दोन रकाने जिथे जुळत नाहीत, तिथे पाणी मुरतंय. तुमचं रहस्य तिथेच आहे.

आपल्या मेजाचं असं : उजव्या रकान्यात लिहिलंय, एका जुन्या घरात शंभर वर्षं उभं होतं, वरचं कपाट आणि खालचं मेज पहिल्यापासून एकत्र आहेत. डाव्या रकान्यात खरं लिहिलंय, की खालचं मेज अस्सल जुनं, वरचं कपाट दुसऱ्याच कुठल्यातरी तुकड्याचं. कारागिराने दोन्ही जोडून एक केलं आणि विकण्याआधी दोन वर्षं ते त्या जुन्या घरात नेऊन ठेवलं, म्हणजे ‘घराण्यातून आलेलं’ म्हणता येईल. दोन वेगळ्या वस्तूंचे भाग जोडून केलेल्या अशा वस्तूला इंग्रजी बोलणारे व्यापारी ‘मॅरेज’ म्हणतात. लग्न! प्रेमकथा लिहिणाऱ्याला धंद्याच्या बोलीनेच दिलेली ही भेट आहे. फक्त ती कादंबरीत एकदाच वापरा, आणि योग्य माणसाच्या तोंडी द्या.

दुसरी पायरी : दुकानवाली

नवे लेखक तिचं दिसणं, तिच्या साड्या, तिचा एकटेपणा यांवर चार पानं खर्च करतात. मला आधी तिचे हात बघायचे असतात. ती वस्तू उचलते कशी? पहिलं काय उलटून बघते? कसबी माणूस खुर्चीची बैठक नंतर बघतो, आधी खुर्ची उलटी करतो. खण ओढून बाहेर काढतो, त्याची खालची बाजू बघतो, मागच्या फळीवरून बोटं फिरवतो, कारण बनावट करणारा पुढच्या बाजूला जेवढी मेहनत घेतो तेवढी मागच्या बाजूला घेत नाही.

तिचं कसब पहिल्या दहा पानांत एकदा डोळ्यांसमोर घडू द्या. उदाहरणार्थ चांदीचं. लंडनमध्ये चांदीवर वर्षाचं अक्षर ठोकण्याची पद्धत १४७८ पासून आहे, त्यामुळे शिक्क्यांवरून भांड्याचं वर्ष कळतं. म्हणून लबाड लोक एखाद्या मोडक्या जुन्या चमच्यावरचा शिक्का कापून नव्या, मोठ्या भांड्यात बसवतात. साध्या डोळ्यांना जोड दिसत नाही. मग जाणकार काय करतो? भांडं तोंडाजवळ आणून शिक्क्यावर हळूच वाफ सोडतो. श्वासाची वाफ चांदीवर धरते आणि शिक्क्याभोवती डाकाची बारीक रेघ क्षणभर दिसून नाहीशी होते.

हा प्रसंग लिहिताना लंडनचा इतिहास सांगत बसू नका. ती भांडं ओठांजवळ नेते, वाफ सोडते, बघते, आणि गिऱ्हाइकाला शांतपणे म्हणते, “हे मी घेणार नाही.” का, ते तिने शेजारी उभ्या असलेल्या नायकाला नंतर सांगावं, पुन्हा एकदा वाफ सोडून, या वेळी दोघांनी एकाच वेळी वाकून बघत. ती रेघ दोघांना मिळून दिसते. प्रेमकथेची ही सुरुवात आहे आणि वाचकाला तपासाचं एक हत्यारही मिळालं.

तिचा माल येतो कुठून, तेही ठरवा : लिलाव, एखादं घर मोकळं करताना निघालेलं सामान, दुसरा व्यापारी, किंवा पिशवीत काहीतरी गुंडाळून थेट दुकानात शिरलेला माणूस. या चार वाटांनी चार प्रकारची माणसं दुकानात येतात, म्हणजे संशयित आपोआप जमतात. तिची पैशाची ओढाताण असू द्या, पण रडगाणं नको. कोणीतरी तिच्यावर दबाव आणू शकेल इतपत पुरे.

आणि तिला एक आंधळी जागा द्या. सगळ्यांचा माल तपासणारी ही बाई एका माणसाचा माल कधीच तपासत नाही, कारण पारख करायला तिला त्यानेच शिकवलं. आपण त्याला ‘काका’ म्हणू. तुमच्या लक्षात आलं असेलच. वाचकाच्या इतक्या लवकर येऊ नये, याची सोय पुढे करू.

तिसरी पायरी : खरेदीवही

ही पायरी लहान वाटेल, पण माझ्या मते दुकानावर बेतलेल्या कादंबरीतलं सगळ्यात मोलाचं साधन हेच आहे. दुकानात खरेदीवही असते : वस्तूचा क्रमांक, तारीख, कोणाकडून आली, कितीला घेतली. खरेदीची किंमत गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून अनेक व्यापारी ती सांकेतिक अक्षरांत लिहितात. एकही अक्षर पुन्हा न येणारा दहा अक्षरांचा शब्द किंवा वाक्य निवडायचं, पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, दहावं म्हणजे शून्य. वस्तूला बांधलेल्या चिठ्ठीवर दोन-तीन अक्षरं दिसतात आणि दुकानदाराशिवाय ती कोणालाच वाचता येत नाहीत.

आता बघा, या एका सवयीतून किती काम होतं. दुसऱ्या प्रकरणात ती सांगते, की हा शब्द तिला काकांनी दिला, ती दुकानात पहिल्यांदा बसली त्या दिवशी. आठव्या प्रकरणात, पावसात अडकलेल्या संध्याकाळी, ती तो शब्द त्याला सांगते. चुंबनापेक्षा मोठी गोष्ट आहे ही, कारण आजवर तिने तो कोणालाच सांगितलेला नाही. बाराव्या प्रकरणात तिला दिसतं, की वहीतली एक जुनी नोंद कोणीतरी बदलली आहे, त्याच सांकेतिक अक्षरांत. संकेत कोणाला माहीत? तिला आणि त्याला. तिचं मन तुटतं. वाचकाचंही तुटतं. आणि दुसऱ्या प्रकरणातलं ते एक वाक्य तिच्यासारखंच वाचकही विसरलेला असतो.

प्रेमाचा सर्वांत जवळचा क्षण आणि संशयाचा सर्वांत मोठा पुरावा एकाच कृतीतून निघाला पाहिजे. तसं झालं की दोन्ही धाग्यांना पीळ बसतो.

चौथी पायरी : गुन्हा उलटा लिहा

रहस्य वाचक पुढून वाचतो, लेखकाने मागून लिहायचं. कादंबरीचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी गुन्हेगाराच्या बाजूने तीन-चार पानांची सरळ हकीगत लिहा : त्याला काय हवं होतं, काय केलं, कोणत्या दिवशी, कुठे चूक झाली, ती झाकायला पुढे काय केलं. तारखा आणि वेळा घाला. ही पानं वाचकाला कधीच दिसणार नाहीत, पण ती नसतील तर विसाव्या प्रकरणात तुम्ही स्वतःच अडकाल.

हेतू शोधताना फक्त पैशापाशी थांबू नका. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या एका शिल्पकाराने सतराव्या शतकातल्यासारखी दिसणारी एक खुर्ची बनवली आणि ती झिजवून, काळवंडवून जुनी केली. जाणकारांना फसवून दाखवायचं, हा त्याचा हेतू होता. ती खुर्ची हातोहात फिरत हेन्री फोर्ड संग्रहालयात पोचली, संग्रहालयाने त्यासाठी ९,००० डॉलर मोजले, आणि १९७७ मध्ये बिंग फुटलं. खुर्चीतली भोकं आधुनिक गिरमिटाने पाडलेली होती. दुखावलेला अभिमान हा हेतू किती पुढपर्यंत जाऊ शकतो ते यात दिसतं.

दुसरी खरी हकीगत कथानकाच्या वळणासाठी अभ्यासावी अशी आहे. हान फान मेगेरेन या डच चित्रकाराला १९४५ मध्ये अटक झाली, कारण देशाचा ठेवा समजलं जाणारं, सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मेरचं एक चित्र नाझी नेता गोरिंगकडे गेल्याचा माग त्याच्यापर्यंत आला होता. शत्रूशी हातमिळवणी हा आरोप फार भयंकर. तेव्हा त्याने सांगितलं, की ते चित्र व्हर्मेरचं नाहीच, मी काढलेलं आहे. विश्वास बसेना, म्हणून त्याने साक्षीदारांसमोर त्याच शैलीत नवं चित्र काढून दाखवलं. १९४७ मध्ये त्याला बनावटीबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. मोठ्या आरोपातून सुटण्यासाठी लहान गुन्हा कबूल करणारा माणूस! तुमच्या नायकाला नेमक्या अशाच पेचात टाका. स्वतःला वाचवायचं असेल तर त्याला आपल्या माणसाची लबाडी उघड करावी लागेल. तो गप्प राहतो, आणि त्याच्या गप्प राहण्यामुळे संशय वाढतो.

आपल्या गोष्टीत गुन्हा असा : काका वर्षानुवर्षं अशी जोडलेली फर्निचरं जुन्या घरांत ठेवून विकत आले आहेत. जोडकाम करणारा कारागीर आता थकला, त्याला हे नको आहे, तो कोणाला तरी सांगणार होता. तो आपल्या कार्यशाळेत मेलेला सापडतो. अपघात वाटावा असा.

चोरलेल्या किंवा देशाबाहेर नेलेल्या वस्तूवर कथा रचणार असाल, तर कायद्याचा अभ्यास करा. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० चा आहे, आणि त्यानंतरच्या काळात वस्तू कधी देश सोडून गेली याला फार महत्त्व आलं. किती जुनी वस्तू पुराणवस्तू समजायची, विकताना काय नोंद लागते, हे देशागणिक बदलतं. तुमची कथा जिथे घडते तिथला नियम वाचा, म्हणजे तुमचं पात्र नकळत भलताच गुन्हा करून बसणार नाही.

पाचवी पायरी : तो

त्याला दुकानात पुन्हा पुन्हा यायला कारण हवं. ‘सहज आलो’ हे एकदा चालतं. आपला नायक आजी गेल्यावर तिचं घर मोकळं करतोय, म्हणून दर आठवड्याला काहीतरी घेऊन येतो, आणि मेज त्याच घरातून आलेलं आहे.

तो खराखुरा संशयित असला पाहिजे. प्रेमकथेचा नायक म्हणजे निर्दोष असणारच, हे वाचकाला ठाऊक असतं, त्यामुळे उगीच एक-दोन संशयाचे शिंतोडे उडवून भागत नाही. त्याने खरोखर काहीतरी लपवलेलं असावं, खोटं बोललेलं असावं, आणि ते खोटं उघड झाल्यावर ती चिडली तर तिचं बरोबर वाटावं. फक्त त्या खोट्यामागचं कारण असं निवडा, की ते कळल्यावर वाचक क्षमा करू शकेल. आपल्या नायकाला माहीत आहे, की ते मेज आजीचं नव्हतंच. शेवटच्या दिवसांत पैशांची निकड असताना आजीने ते आपल्या घरात उभं करून ठेवायचे पैसे घेतले होते. तो स्वतःला वाचवत नाही, आजीचं नाव वाचवतोय.

इथे घाई करू नका. तो काय लपवतोय ते वाचकाला कळण्याआधी त्याचं लपवणं दिसू द्या. आजीचा विषय निघाला की त्याचं बोलणं तुटतं. मेजाकडे पाठ करून उभा राहतो. ती मेजाचे खण काढू लागली की त्याला अचानक निघायचं असतं.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात एक गोष्ट आयती आहे, ती वाया घालवू नका : ‘तुम्ही’ आणि ‘तू’. पहिल्या भेटीत दोघं ‘तुम्ही’वर असतात. ‘तू’वर कोण आधी येतं, कोणत्या वाक्यात, आणि दुसऱ्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं का? हा एक बदल तीन पानांच्या वर्णनाचं काम करतो. आणि वही बदललेली सापडल्यावर ती पुन्हा ‘तुम्ही’वर जाते. “तुम्ही उद्या येऊ नका.” भांडण लिहायचीसुद्धा गरज उरत नाही.

सहावी पायरी : एका प्रसंगात दोन कामं

१९२८ मध्ये एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने रहस्यकथेचे वीस नियम प्रसिद्ध केले, त्यांतला एक असा, की त्यात प्रेमप्रकरण नकोच, बुद्धीच्या खेळात भावनांची लुडबुड होते. नियम कालबाह्य झाला, पण त्यामागची भीती खरी आहे. प्रेमाच्या प्रसंगात तपास थांबला, तर वाचकालाही तसंच वाटणार. म्हणून मी प्रत्येक प्रसंगाला दोन प्रश्न विचारते : यातून मेजाबद्दल काय नवं कळलं? आणि या दोघांमधलं अंतर किती बदललं? दोन्हींचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर प्रसंग काढायचा. एकाच प्रश्नाला उत्तर असेल तर शेजारच्या प्रसंगात मिसळायचा.

जवळून दाखवते. चोरकप्प्यात एक प्रेमपत्र सापडलं आहे, तारीख १९११ ची, आणि त्या पत्रामुळे मेजाची किंमत वाढणार आहे. आता वस्तुस्थिती अशी, की कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी चकाकी आणणारी रसायनं १९५० च्या सुमारास वापरात आली. असा कागद यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या, टॉर्चखाली निळसर पांढरा उजळतो. जुना कागद तसा उजळत नाही. प्रसंग असा लिहिता येईल :

‘तिने दिवा मालवला. अंधारात तिला त्याचा श्वास ऐकू आला, आणि ती जरा थांबली. मग टॉर्च लावली. मेजाचं लाकूड काळंच राहिलं, तिची बोटं जांभळट दिसली, आणि पत्र मात्र चांदणं पडावं तसं उजळलं. दोघंही काही बोलले नाहीत. “सुंदर दिसतंय,” तो म्हणाला. तिने टॉर्च बंद केली. सुंदर दिसायला नको होतं ते.’

पत्र खोटं आहे हे तिला कळलं, त्याला कळलं नाही. की त्याला आधीच माहीत होतं? अंधार, जवळीक, पुरावा आणि शंका एका दिव्याखाली आली. पत्र प्रेमाचं आहे हेही विसरू नका. खोट्या प्रेमपत्रासमोर उभं राहून खऱ्या माणसाबद्दल निर्णय घ्यायचा, एवढं साहित्य हाताशी असताना समुद्रकिनाऱ्यावरचा सूर्यास्त कशाला हवा?

सातवी पायरी : धागेदोरे पेरा

रहस्यकथेचा वाचकाशी एक करार असतो : उलगड्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट त्याला आधी दाखवलेली असेल. इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये दहा नियम लिहिले, त्यांतही लेखकाने वाचकाशी सचोटीने वागावं हाच आग्रह आहे. दाखवायचं, पण दिसू द्यायचं नाही, ही खरी कला.

जुन्या लाकडातून मिळणारे काही धागे सांगते, तुमच्या मेजाला शोभतील ते घ्या. लाकूड पोखरणाऱ्या किड्याची बाहेर पडायची भोकं पृष्ठभागावर गोल टिंबांसारखी दिसतात. पृष्ठभागावर भोकांऐवजी लांबट नागमोडी चर उघडे पडलेले दिसले, तर ते लाकूड किडीनंतर पुन्हा कापलेलं आहे, म्हणजे जुन्या लाकडाची नवी वस्तू. लाकूड वर्षानुवर्षं रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, म्हणून अस्सल जुन्या गोल टेबलाचा वरचा भाग मोजला तर किंचित लंबगोल भरतो. अगदी गोल भरला तर शंका घ्या. खणांच्या कोपऱ्यांत पाखराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे दात असतात, त्यांना डोव्हटेल सांधे म्हणतात; हाताने कापलेले हे दात थोडे कमी-जास्त असतात, यंत्राचे सारखे. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला, त्याआधीच्या मेजात तो सापडला तर कोणीतरी नंतर हात लावला आहे.

पण प्रत्येक धाग्याला एक निरागस खुलासा ठेवा. स्क्रू कोणीतरी प्रामाणिकपणे दुरुस्ती करताना घातला असेल. फळी खराब झाली म्हणून बदलली असेल. निरागस खुलासा असेल तरच वाचक धागा बघून पुढे जातो. पहिल्या वेळी स्क्रू दिसल्यावर काकांनीच हसून म्हणावं, “मीच बदलला होता तो, बिजागरी निसटत होती.” वाक्य खरंही आहे. मेज कधी हाताळलंच नाही असं काका पुढे म्हणतील, तेव्हा ते वाक्य परत येईल.

धागा लपवायची माझी आवडती जागा म्हणजे भावना उफाळून आलेला प्रसंग. वाचकाचं लक्ष दोघांच्या चेहऱ्याकडे असतं, तेव्हा तिच्या हातातल्या खणाबद्दल अर्धं वाक्य जाऊ द्या. रहस्य आणि प्रेम एकत्र लिहिण्याचा हा फायदा शुद्ध रहस्यकथेला मिळत नाही.

आठवी पायरी : लिहायला बसा

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. रोजची वेळ ठरवा, पहिल्या खर्ड्यात मागे जाऊन भाषा घासू नका. लिहिताना नवा धागा सुचला, तर समासात खूण करा आणि तो आधीपासून होता असं समजून पुढे जा, पेरणी दुसऱ्या खर्ड्यात करता येते. निवेदन तिच्याच नजरेतून ठेवा, निदान पहिल्या कादंबरीत. त्याच्या मनात डोकावलात, तर एकतर तो काय लपवतोय ते सांगावं लागेल, नाहीतर वाचकाशी लबाडी करावी लागेल.

नववी पायरी : उलगडा आणि शेवट

सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून केलेलं भाषण टाळा. उलगडा वस्तूकडून होऊ द्या. ती एकटीच रात्री दुकानात बसून वरचं कपाट मेजावरून उतरवते. मागच्या फळ्या वेगळ्या, रुंदी बोटभर कमी, लाकडाच्या रेषा जुळत नाहीत. त्या क्षणी पहिल्यांदाच ती काकांच्या हातून आलेल्या वस्तूची पाठ बघत असते. मग तिला दुसऱ्या प्रकरणातला शब्द आठवतो, तो कोणी दिला ते आठवतं.

क्रम नीट ठेवा. आधी तिला कळतं की गुन्हेगार कोण. त्यानंतर, वेगळ्या प्रसंगात, तो तिला आजीबद्दल स्वतःहून सांगतो. तिने पुराव्याने त्याला निर्दोष ठरवलं आणि म्हणून प्रेम परत आलं, असं झालं तर प्रेमकथा हिशेबाची होते. त्याने सांगण्याआधीच तिने विश्वास ठेवायचं ठरवलेलं असावं, आणि त्याने, आता सांगायची गरज उरली नसतानाही, सांगावं. प्रेमकथेच्या वाचकाला शेवटी समाधान आणि आशा हवी असते. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनेही व्याख्येत हेच धरलं आहे : मध्यवर्ती प्रेमकथा आणि मनाला समाधान देणारा, आशादायी शेवट. रहस्याच्या ओझ्याखाली ही अपेक्षा दाबून टाकू नका. त्याच वेळी काकांना गमावल्याचं दुःखही तिला होऊ द्या. ज्याने डोळे दिले त्याच्याविरुद्ध तेच डोळे वापरावे लागले, हे दोन पानांत उरकण्यासारखं नाही.

दहावी पायरी : दुसरा खर्डा

खर्डा महिनाभर बाजूला ठेवा. मग दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन वाचा : मेजाबद्दल काही कळलं की एक रंग, दोघांमधलं अंतर बदललं की दुसरा. सलग पाच-सहा पानं एकाच रंगाची दिसली की तिथे काम आहे. तारखांचा तक्ता गुन्हेगाराच्या हकिगतीशी ताडून बघा. आठवड्याचे वार हमखास चुकतात.

त्यानंतर हस्तलिखित दोन-तीन वाचकांना द्या. अभिप्राय मागण्याआधी त्यांना एक काम सांगा : प्रत्येक प्रकरण संपलं की समासात दोन गोष्टी लिहा, आत्ता कोणावर संशय आहे आणि हे दोघं एकत्र यावेत असं वाटतं का. ती पानं परत आली की पहिल्यांदा बाराव्या प्रकरणाचा समास उघडा. तिथे नायकाचं नाव लिहिलेलं असेल आणि त्याच्यापुढे “तरीही” असं काहीतरी असेल, तर खर्डा प्रकाशकाकडे पाठवायच्या तयारीला लागा. तिथे काकांचं नाव असेल, तर दुसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य जास्त ठळक झालं आहे. ते परिच्छेदाच्या शेवटून उचला, मधे कुठेतरी घाला, आणि त्याच पानावर तिला चांदीच्या भांड्यावर वाफ सोडू द्या.